हितसंबंध-प्रकटन, शालेय जिल्ह्यांतील

सार्वजनिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक संस्थेतील पदाधिकाऱ्याने वा कर्मचाऱ्याने आपले व आपल्या निकटच्या कुटुंबीयांचे, पदाच्या कर्तव्याशी ज्यांचा संघर्ष होण्याचा संभव आहे असे, आर्थिक हितसंबंध ठरलेल्या मुदतीत लेखी जाहीर करण्याविषयीचे नियम. हितसंबंध असणे हा या नियमांनुसार दोष नव्हे. तो दडविणे, किंवा तो असताना त्याच विषयाच्या निर्णयात भाग घेणे, हा दोष होय. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे प्रकटनपत्राची मागणी म्हणजे आपल्या सचोटीविषयी व्यक्त केलेली शंका, असा ग्रह अनेक कर्मचाऱ्यांत आढळतो. वस्तुतः वेळेवर केलेल्या प्रकटनामुळे प्रामाणिक कर्मचाऱ्यालाच पुढील आरोपांपासून संरक्षण मिळते.

या प्रकारचे नियम मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकास पावले. तेथे शालेय शिक्षण हा घटक राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने सर्व देशाला लागू होणारी अशी एकच नियमावली नाही. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, टेक्सस, मॅसॅचूसेट्स इ. राज्यांचे कायदे परस्परांहून बरेच भिन्न आहेत.

शालेय जिल्हा : अमेरिकेतील शालेय जिल्हा हा आपल्याकडील महसुली जिल्ह्यासारखा नाही. ठराविक क्षेत्रातील शाळा चालविण्यासाठी राज्याच्या कायद्याने निर्माण केलेली ती एक स्थानिक संस्था असून कर बसविणे, कर्जरोखे काढणे, जमीन विकत घेणे व करार करणे हे अधिकार बहुतेक ठिकाणी तिला असतात. सामान्यतः मतदारांनी निवडलेले शिक्षण मंडळ धोरण ठरविते आणि मंडळाने नेमलेला अधीक्षक प्रशासन चालवितो. १९३९-४० मध्ये अशा जिल्ह्यांची संख्या सु. १,१७,००० होती; एकत्रीकरणामुळे ती घटून सु. १३,००० वर आली आहे. हवाई राज्याचा मिळून एकच जिल्हा आहे, तर ग्रामीण भागांतील कित्येक जिल्ह्यांत एकदोनच शाळा असतात. देशातील सार्वजनिक शाळांवरील वार्षिक खर्च आठशे अब्ज डॉलरांहून अधिक आहे. वेतनावरील भाग वगळला, तरी बसगाड्या, दुपारचे जेवण, पाठ्यपुस्तके, संगणक व त्यांच्या आज्ञावली, विमा, इमारतींचे बांधकाम व दुरुस्ती यांसाठी बाहेरच्या पुरवठादारांशी केलेल्या करारांत फार मोठ्या रकमा गुंतलेल्या असतात.

या करारांना अंतिम मंजुरी मंडळ देते. तथापि मंडळापुढे कोणता प्रस्ताव यावा, हे बहुधा खालच्या पातळीवरच ठरते. निविदेतील अटी कोणी लिहिल्या, नमुना-पुस्तकांची छाननी कोणी केली, कामाच्या पूर्ततेचा दाखला कोणी दिला, या गोष्टी मतदानाइतक्याच, क्वचित त्याहूनही अधिक, निर्णायक असतात. म्हणूनच प्रकटनाची जबाबदारी निवडून आलेल्या सदस्यांपुरती न ठेवता ती कर्मचाऱ्यांवरही टाकणे आवश्यक ठरले. खरेदी विभागातील अधिकाऱ्याच्या भावाची वाहतूक संस्था असणे, अभ्यासक्रम-प्रमुखाला एखाद्या प्रकाशकाकडून मानधन मिळणे, नियोजित शाळेलगत बांधकाम-अधिकाऱ्याच्या पत्नीची जमीन असणे, ही अशा हितसंबंधांची नेहमी आढळणारी उदाहरणे होत.

तीन प्रकारची बंधने : या विषयावरील कायद्यांत तीन वेगवेगळी बंधने एकत्र आलेली दिसतात. पहिले प्रकटनाचे : हितसंबंध लिहून द्यावयाचा. दुसरे अलिप्ततेचे : त्या विषयाच्या चर्चेत, शिफारशीत व मतदानात भाग घ्यावयाचा नाही. तिसरे संपूर्ण मनाईचे : काही व्यवहार प्रकटन करूनही करता येत नाहीत. सामान्य माणसाचा गोंधळ बहुधा पहिल्या व तिसऱ्या बंधनांत होतो. ‘मी तर आधीच सांगितले होते’ हा बचाव जेथे पूर्ण मनाई आहे तेथे टिकत नाही.

मनाईचे नियम सर्वांत जुने आहेत. कॅलिफोर्नियातील शासन संहितेच्या कलम १०९० चा उगम १८५१ च्या कायद्यापर्यंत पोहोचतो. आपण ज्या संस्थेचे अधिकारी वा कर्मचारी आहोत तिने केलेल्या करारात आपला आर्थिक हितसंबंध असता कामा नये, असे हे कलम सांगते आणि शालेय जिल्ह्यांनाही ते लागू आहे. त्याचा अर्थ न्यायालयांनी कसा लावला हे दोन नागरी खटल्यांवरून दिसते. टाफ्ट येथील नगरपरिषदेच्या एका सदस्याने इमारत-समितीचा अध्यक्ष या नात्याने नव्या इमारतीच्या नियोजनावर देखरेख केली होती. नळकामाच्या ज्या संस्थेत त्याचा हिस्सा होता तिची निविदा सर्वांत कमी दराची ठरली आणि करार मंजूर होण्यापूर्वी त्याने सदस्यत्वाचा राजीनामा दिला. तरीही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो करार अवैध ठरविला. कारण करार ‘करणे’ यात त्याची आखणी व पूर्वचर्चा यांचाही समावेश होतो. आल्बनी येथील १९८५ च्या खटल्यात हे तत्त्व आणखी कठोरपणे लावण्यात आले. सदस्याची जमीन एका मध्यस्थ कंपनीमार्फत उद्यानासाठी नगराकडे आली होती. न्यायालयाच्या निर्णयाने ती जमीन नगराकडेच राहिली आणि शिवाय सदस्याला २,५८,००० डॉलर नगराला द्यावे लागले. व्यवहारात लबाडी होती की नव्हती, हा प्रश्न अशा प्रसंगी गौण ठरतो.

प्रकटनाची सक्ती मात्र अलीकडची असून तिला प्रारंभी न्यायालयांचा विरोधही झाला. प्रत्येक सार्वजनिक अधिकाऱ्याने व उमेदवाराने १०,००० डॉलरांहून अधिक किंमतीच्या सर्व गुंतवणुकी जाहीर कराव्यात, असा कायदा कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९६९ मध्ये केला. कार्मेल या छोट्या नगराने त्यास आव्हान दिले आणि पुढील वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. अधिकाऱ्याचे काम कोणतेही असो, त्याची सर्व आर्थिक स्थिती उघड करावयास लावणे हे खाजगी जीवनावरील अवाजवी आक्रमण होय, असा त्या निर्णयाचा आशय होता. त्यानंतरचा १९७३ चा अधिक मर्यादित कायदा १९७४ मध्ये न्यायालयाने ग्राह्य धरला. पुढील सर्व नियमांच्या घडणीवर या दोन निर्णयांची छाप आहे. कर्मचाऱ्याने काय उघड करावे हे त्याच्या संपत्तीवरून नव्हे, तर त्याच्या पदाच्या अधिकारांवरून ठरवावे, ही कल्पना त्यांतूनच रुजली.

कॅलिफोर्नियातील पद्धती : वॉटरगेट प्रकरणाने सारा देश ढवळून निघालेला असताना जून १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सार्वमताने राजकीय सुधारणा कायदा संमत केला. त्याच्या अंमलबजावणीसाठी पाच सदस्यांचा एक आयोग स्थापन झाला. या कायद्यानुसार प्रत्येक शालेय जिल्ह्याला स्वतःची हितसंघर्ष संहिता तयार करावी लागते. निर्णय घेणाऱ्या अथवा निर्णयात भाग घेणाऱ्या पदांची यादी तीत द्यावयाची असते व प्रत्येक पदापुढे प्रकटनाची वर्गवारी लिहावयाची असते. उदा., भोजन विभागाच्या संचालकाने अन्नपदार्थ व स्वयंपाकाची उपकरणे पुरविणाऱ्या संस्थांमधील हितसंबंध सांगावयाचे. जमीनजुमल्याशी त्याचा संबंध नसल्याने स्थावर मालमत्ता सांगण्याची गरज नाही. ही संहिता दर सम वर्षी तपासून पाहावी लागते. नवीन पदे निर्माण होतात, जुन्या पदांची नावे बदलतात आणि संहिता मागे राहते, असा अनुभव असल्याने ही तरतूद दिसते त्यापेक्षा महत्त्वाची आहे.

विवरणपत्र ‘नमुना ७००’ या नावाने ओळखले जाते. पद स्वीकारल्यापासून ३० दिवसांत, त्यानंतर दरवर्षी आणि पद सोडल्यावर पुन्हा ३० दिवसांत ते द्यावे लागते. २,००० डॉलर वा त्याहून अधिक किंमतीची गुंतवणूक व स्थावर मालमत्ता, १२ महिन्यांत ५०० डॉलर वा अधिक उत्पन्न देणारा स्रोत आणि एकाच व्यक्तीकडून वर्षात मिळालेल्या एकूण ५० डॉलर वा अधिक किंमतीच्या भेटवस्तू त्यात दाखवितात. नेमकी रक्कम लिहावी लागत नाही. २,००० ते १०,०००, १०,००१ ते १,००,००० अशा टप्प्यांपैकी योग्य त्यावर खूण केली म्हणजे पुरे. राहते घर, बँकेतील ठेवी, शासकीय वेतन यांचा उल्लेख आवश्यक नाही. भेटवस्तूंची कमाल मर्यादाही ठरलेली असून २०२५-२६ या द्वैवार्षिक काळासाठी ती एका स्रोताकडून वर्षाला ६३० डॉलर होती. विवरणपत्र उशिरा दिल्यास दिवसाला १० व जास्तीत जास्त १०० डॉलर दंड होतो. हेतुपुरस्सर केलेल्या भंगास अर्थात याहून पुष्कळ कडक शिक्षा आहेत. भरलेली पत्रे कोणाही नागरिकाला पाहता येतात आणि ती मागणाऱ्याकडून नाव वा ओळख विचारता येत नाही. शिक्षकाने आपल्या अधीक्षकाचे पत्र पाहिले म्हणून त्याच्यावर रोष ओढवू नये, हा या छोट्या तरतुदीचा व्यावहारिक लाभ होय.

खाजगी व्यवस्थापनाखाली, परंतु सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या सनदी शाळांना हे कायदे लागू आहेत काय, याविषयी राज्यात दीर्घकाळ मतभेद होता. २०१९ मध्ये संमत झालेल्या कायद्याने तो मिटविला व २०२० च्या प्रारंभापासून त्या शाळाही या नियमांच्या कक्षेत आल्या.

इतर राज्ये : न्यू जर्सीने शाळांसाठी स्वतंत्र कायदा केला, हे त्या राज्याचे वैशिष्ट्य. १९९१ च्या शालेय नीतिमत्ता कायद्यानुसार मंडळाचे सदस्य व प्रशासक यांना दरवर्षी प्रकटनपत्र द्यावे लागते. जिल्ह्यात नोकरीस असलेले नातेवाईक, तसेच स्वतःच्या व निकटच्या कुटुंबीयांच्या २,००० डॉलरांहून अधिक उत्पन्नाचे स्रोत त्यात नमूद करतात. तक्रारींची चौकशी नऊ सदस्यांचा आयोग करतो आणि समज, निषेध, निलंबन वा पदच्युती यांपैकी योग्य त्या शिक्षेची शिफारस करतो. नातेसंबंधाच्या प्रश्नाला तेथे विशेष धार आहे. मंडळातील सदस्याची पत्नी त्याच जिल्ह्यात शिक्षिका व तेथील शिक्षक-संघटनेची सभासद असेल, तर त्या सदस्याला वेतनकराराच्या वाटाघाटींत भाग घेता येत नाही. कॅलिफोर्नियातही वैवाहिक जोडीदाराच्या नोकरीचा प्रश्न उद्‌भवतो. परंतु सदस्य निवडून येण्यापूर्वी निदान एक वर्षापासून ती नोकरी चालू असेल, तर कलम १०९० पुरता तो हितसंबंध मानला जात नाही.

टेक्ससमधील व्यवस्था दुहेरी आहे. २००५ पासून स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याबरोबरच तिच्याशी व्यवहार करू इच्छिणाऱ्या पुरवठादारालाही प्रश्नावली भरून द्यावी लागते. पुरवठादाराकडून अधिकाऱ्याला किंवा त्याच्या निकटच्या कुटुंबीयाला १२ महिन्यांत २,५०० डॉलरांहून अधिक करपात्र उत्पन्न, अथवा १०० डॉलरांहून अधिक किंमतीच्या भेटी मिळाल्या असतील, तर माहिती झाल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत निवेदन द्यावयाचे असते. दोन्ही बाजूंची निवेदने एकमेकांशी ताडून पाहता येत असल्याने एकाने दडविलेली गोष्ट दुसऱ्याच्या कागदावरून उघड होऊ शकते. न्यूयॉर्कची पद्धत साधी आहे : हितसंबंध निर्माण झाला की तो वरिष्ठांना व मंडळाला लेखी कळवावयाचा व तो मंडळाच्या अधिकृत कार्यवृत्तात नोंदवावयाचा.

संघीय अनुदान घेणाऱ्या जिल्ह्यांना आणखी काही अटी पाळाव्या लागतात. अनुदानातून होणाऱ्या खरेदीची निवड वा देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी लेखी आचारसंहिता असणे बंधनकारक आहे. शाळांना दूरसंचार व इंटरनेट सेवांसाठी सवलत देणाऱ्या संघीय योजनेत सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडून २० डॉलरांहून अधिक किंमतीची एक वस्तू, अथवा वर्षात एकूण ५० डॉलरांहून अधिक किंमतीच्या वस्तू घेण्यास २०११ पासून मनाई आहे.

वर्गशिक्षकाचे स्थान : वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकाने प्रकटनपत्र द्यावे काय, यावर राज्यांत एकमत नाही. पेनसिल्व्हेनियाचा कायदा मूळचा १९७८ चा असून दरवर्षी १ मेपर्यंत आर्थिक हितसंबंधांचे विवरण मागतो. मात्र ‘सार्वजनिक कर्मचारी’ या संज्ञेतून प्रशासकीय नव्हे तर केवळ अध्यापनाचे काम करणाऱ्यांना त्याने वगळले आहे. ही भूमिका प्रस्तुत लेखकास सयुक्तिक वाटते. जो खर्च मंजूर करीत नाही त्याच्या बचतीचा तपशील मागून लोकांच्या हाती काही लागत नाही आणि सरसकट मागणीमुळे खऱ्या जोखमीच्या पदांकडे दुर्लक्ष होते.

परंतु यावरून शिक्षकापुढे हितसंघर्ष उभाच राहत नाही, असे मात्र नाही. त्याच्या हाती ठेका नसला, तरी गुण आहेत, शिफारसपत्रे आहेत आणि पालकांच्या मनावरील वजन आहे. मॅसॅचूसेट्सचा कायदा म्हणूनच शिक्षकांनाही लागू होतो. आपल्याच वर्गातील विद्यार्थ्याची पैसे घेऊन खाजगी शिकवणी करणे, स्वतःचा मुलगा स्वतःच्या वर्गात असणे, स्वतः लिहिलेले पुस्तक विद्यार्थ्यांना घ्यावयास सांगणे, असे प्रश्न तेथे उपस्थित होतात. त्यांपैकी काहींचे निराकरण वरिष्ठांना लेखी कळविल्याने होते, तर काही गोष्टी मुळातच वर्ज्य आहेत. भेटवस्तूंची सर्वसाधारण मर्यादा ५० डॉलर असून, देणाऱ्यांची नावे व प्रत्येकाची रक्कम शिक्षकाला न कळविता सर्व वर्गाच्या नावे दिलेली भेट १५० डॉलरांपर्यंत घेता येते. वर्षअखेरीस शिक्षकाला काही द्यावे, ही पालकांची हौस कायद्याने मोडलेली नाही. कोणी किती दिले हे शिक्षकाला कळू नये एवढीच काळजी घेतली आहे.

अंमलबजावणी व मर्यादा : मेरिलंड राज्यातील बाल्टिमोर परगण्याच्या शाळांचे अधीक्षक डॅलस डान्स यांचे प्रकरण या नियमांचे बळ व दौर्बल्य दोन्ही दाखविते. मुख्याध्यापकांना प्रशिक्षण देणाऱ्या एका खाजगी संस्थेशी जिल्ह्याचा ८,७५,००० डॉलरांचा करार निविदा न मागविता झालेला होता आणि त्याच संस्थेचे काम डान्स मोबदला घेऊन करीत होते. त्यामुळे नीतिनियमांचा भंग झाल्याचा निष्कर्ष जिल्ह्याच्या नीतिसमितीने २०१४ मध्ये काढला. तरीही ते पदावर राहिले व २०१७ मध्ये त्यांनी पद सोडले. पुढे तपासात असे आढळले, की या व इतर सल्लागारीच्या कामांतून मिळालेले सु. १,४७,००० डॉलर त्यांनी प्रकटनपत्रांत दाखविलेच नव्हते. लाच घेतल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला नाही. खोटे प्रतिज्ञापन केल्याच्या चार आरोपांची कबुली त्यांनी मार्च २०१८ मध्ये दिली आणि पुढील महिन्यात त्यांना सहा महिन्यांचा प्रत्यक्ष कारावास झाला. उत्पन्न योग्य वेळी लिहून दिले असते, तर या आरोपांना जागा उरली नसती. कदाचित करारही झाला नसता. परंतु वर्षानुवर्षे ती पत्रे कार्यालयात जमा होत असता, त्यांतील उणीव कोणाच्या ध्यानात आली नाही, हेही तितकेच खरे.

त्याच प्रशिक्षण संस्थेला शिकागोच्या शाळांनी २०१३ मध्ये सु. २ कोटी ५ लक्ष डॉलरांचे काम निविदेवाचून दिले होते. तेथील मुख्य कार्यकारी अधिकारी बार्बरा बर्ड-बेनेट या पूर्वी त्या संस्थेच्या सल्लागार होत्या. त्यांनी २०१५ मध्ये फसवणुकीचा गुन्हा कबूल केला व २०१७ मध्ये त्यांना साडेचार वर्षांची शिक्षा झाली. पूर्वीचा संबंध गुप्त नव्हता. तो ठाऊक असूनही करार पुढे गेला, यावरून अलिप्ततेची व स्पर्धात्मक निविदेची जोड नसलेले प्रकटन किती अपुरे पडते, ते दिसून येते.

छोट्या ग्रामीण जिल्ह्यांची अडचण वेगळीच आहे. गावात लोखंडी सामानाचे एकच दुकान असेल व ते मंडळाच्या सदस्याचे असेल, तर कडक मनाईमुळे शाळेला खिळेमोळेही दुरून आणावे लागतील. म्हणून बहुतेक कायद्यांत किरकोळ व दूरस्थ हितसंबंधांना सूट असते. टेक्ससमध्ये मंडळाच्या बहुसंख्य सदस्यांचे सारखेच हितसंबंध असतील आणि त्यांनी तशी प्रतिज्ञापत्रे दिली असतील, तर त्यांना मतदानापासून दूर राहावे लागत नाही. अन्यथा सभेला गणसंख्याच उरणार नाही.

भारतातील तरतुदींशी तुलना : महाराष्ट्रात ग्रामीण भागातील प्राथमिक शाळांचा कारभार पाहणारी जिल्हा परिषद ही शालेय जिल्ह्याला सर्वांत जवळची संस्था होय. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ च्या कलम १६ नुसार परिषदेच्या कामात वा करारात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा असलेली व्यक्ती सदस्य होण्यास वा राहण्यास अपात्र ठरते. कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वर्तणूक नियम आहेत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २८ ने शिक्षकांना खाजगी शिकवणीची सरसकट मनाई केली असून, या बाबतीत भारतीय कायदा मॅसॅचूसेट्सहून कडक आहे.

फरक आहे तो प्रकटनाच्या दिशेत. आपल्याकडे शासकीय कर्मचारी मालमत्तेची विवरणे वरिष्ठांना सादर करतो; कॅलिफोर्नियात तशी पत्रे लोकांसाठी खुली असतात. माहितीच्या अधिकाराखाली एका कर्मचाऱ्याच्या मालमत्ता, गुंतवणूक, भेटवस्तू इत्यादींचा तपशील मागणाऱ्या गिरीश रामचंद्र देशपांडे यांच्या प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती माहिती व्यक्तिगत स्वरूपाची ठरविली आणि व्यापक सार्वजनिक हित सिद्ध झाल्यावाचून ती देता येणार नाही, असा निर्णय दिला. कार्मेल खटल्यातील न्यायालयासमोरही मूलतः हाच प्रश्न होता. मात्र तेथे त्यावर उपाय म्हणून प्रकटन बंद न करता ते पदाच्या अधिकारांपुरते मर्यादित करण्यात आले.